ऐकण्याचें शास्त्र व त्याचा विद्यार्थी

दरवर्षीं परीक्षा जवळ आली म्हणजे आम्ही दहावीच्या वर्गांत एक प्रश्न विचारीत असतों: "मुलांनो, पुढें कोण होणार?" उत्तरें बहुधा ठरलेलीं असतात. डॉक्टर, इंजिनिअर, फौजदार, तलाठी, शिक्षिका. आणि मागच्या बाकावरून, जरा ओशाळल्या स्वरांत, "शेती" हेंही उत्तर येतें. (तें ओशाळून कां यावें हें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं, वऱ्हाडांत तरी तसें होऊं नये.) ज्या व्यवसायाविषयीं आज विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस आम्ही चार शब्द सांगणार आहों, त्याचें नांव मात्र आमच्या वर्गांत आजवर कोणाच्याही मुखांतून निघालेलें नाहीं. इंग्रजींत त्यास ऑडिऑलॉजी म्हणतात, मराठींत श्रवणशास्त्र. ऐकण्याची क्रिया कशी चालते, ती कोठें व किती बिघडली आहे, आणि बिघडली असतां मनुष्यास पुन्हां बोलण्या-ऐकण्याच्या व्यवहारांत कसें आणावें, ह्याचा विचार करणारें हें शास्त्र होय.

हा विषय निवडण्याचें कारण असें कीं, आमच्या शाळेंतून कांहीं वर्षांपूर्वीं बाहेर पडलेली एक विद्यार्थिनी सध्यां मुंबईस ह्याच शास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षांत आहे. तिचें घर तिवसा तालुक्यांतील एका लहानशा खेड्यांत. गेल्या दिवाळीच्या सुटींत गांवीं आली असतां ती आम्हांस भेटावयास आली. वसतिगृहाच्या, अभ्यासाच्या, लोकलच्या गर्दीच्या गोष्टी झाल्या, आणि मग ती म्हणाली, "सर, शिकवीत होते तें सर्व मी शिकत होतें, पण मी कोण होणार आहें, हें तिसऱ्या वर्षापर्यंत मला स्वतःलाच सांगतां येत नव्हतें."

हें वाक्य आमच्या मनांत राहून गेलें. डॉक्टरीच्या विद्यार्थ्यास हा प्रश्न पडत नाहीं. तो कॉलेजांत पाऊल ठेवतो त्या दिवसापासून सारा गांव त्यास डॉक्टर म्हणूं लागतो, व ती हांक ऐकत ऐकत तो डॉक्टर होतो. ह्या मुलीस एका लग्नांत एका आप्तानें विचारलें, "म्हंजे नर्स काय?" दुसऱ्या बाईंनीं विचारलें, "कानातला मळ काढाचं शिकून रायली काय तू?" रुग्णालयांत तिला रुग्ण 'मशीनवाल्या ताई' म्हणत. ज्या व्यवसायास समाजानें अद्याप नांव दिलेलें नाहीं, त्यांत शिरणाऱ्यास आपली ओळख आपणच घडवावी लागते. ती कशी घडते, हें तिच्या सांगण्यावरून व ह्या शास्त्राविषयीं आमच्या वाचनांत जें आलें त्यावरून येथें लिहीत आहों.

वास्तविक हा व्यवसाय जन्मला तोच तीन शिवांच्या मधल्या जागेवर. दुसऱ्या महायुद्धांत तोफांच्या व स्फोटांच्या आवाजानें ज्यांची श्रवणशक्ति गेली असे पुष्कळ सैनिक अमेरिकेंत परत आले, व त्यांच्यासाठीं लष्करी रुग्णालयांत निराळे विभाग उघडावे लागले. पेन्सिल्व्हेनिया प्रांतांतील डेशॉन रुग्णालयांत रेमंड कारहार्ट हे गृहस्थ असें काम पाहत. ते वैद्य नव्हते. वाचाशास्त्राचे अध्यापक होते. सैनिकाचें ऐकणें मोजणें, त्यास योग्य असें श्रवणयंत्र निवडणें, ओठांच्या हालचालींवरून बोलणें ओळखण्यास शिकविणें, हीं कामें तेथें एका छपराखालीं आलीं. कानाचा शल्यवैद्य, वाचेचा शिक्षक व ध्वनीचा यंत्रज्ञ ह्या तिघांचेंही कांहींना कांहीं घेऊन एक चौथा मनुष्य तयार झाला. इ. स. १९४५ च्या आसपास ऑडिऑलॉजी हें नांव रूढ झालें तें त्याच्या विद्येस.

आपल्याकडे बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाचा आरंभ ह्याहून जुना आहे. मुंबईस माझगांव येथें बिशप लिओ म्यूरिन ह्यांनीं इ. स. १८८० नंतरच्या दशकांत काढलेली शाळा ही हिंदुस्थानांतील अशा प्रकारची पहिली शाळा समजली जाते. परंतु श्रवणशास्त्राचें पद्धतशीर शिक्षण येथें सुरू होण्यास इ. स. १९६० नंतरचा काळ उजाडावा लागला. मुंबईच्या नायर रुग्णालयांत ह्या विषयाची शाळा निघाली. म्हैसूर येथें इ. स. १९६५ मध्यें अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. आणि ९ ऑगस्ट १९८३ रोजीं मुंबईंत वांद्रें येथें, महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग ह्यांच्या नांवें राष्ट्रीय संस्था उभी राहिली. इ. स. १९९२ च्या कायद्यानें भारतीय पुनर्वास परिषदेस वैधानिक रूप मिळालें, व तिच्या नोंदवहींत नांव असल्यावांचून हा व्यवसाय करतां येत नाहीं असें ठरलें. पदवीस चार वर्षें लागतात: तीन वर्षें अध्ययन व एक वर्ष प्रत्यक्ष उमेदवारी. ऐकणें व बोलणें हीं एकमेकांपासून वेगळीं करतां येत नसल्यामुळें दोन्ही विषय एकाच पदवींत शिकवितात.

अभ्यासाचा आरंभ अर्थात् कानापासून. आपण ज्यास कान म्हणतों तो केवळ दरवाजा आहे. आंत पडदा, पडद्याच्या मागें हातोडी, ऐरण व रिकीब अशीं तीन हाडें, त्यांपैकीं रिकीब तर सुमारें ३ मिलिमीटर लांबीची, म्हणजे सबंध शरीरांतील सर्वांत लहान. तिच्या पलीकडे गोगलगाईच्या शंखासारखी, अडीचांहून कांहीं अधिक वेढ्यांची, द्रवानें भरलेली एक नळी आहे. तिच्यांत सुमारें पंधरा हजार केशपेशी ओळीनें उभ्या असतात. आंतल्या ओळींतील सुमारें साडेतीन हजार पेशी मेंदूकडे वार्ता धाडतात. बाहेरच्या ओळींतील बारा हजार क्षीण आवाजास बळ देतात. शंखाच्या तोंडाशीं असलेल्या पेशी बारीक, किनऱ्या स्वरांस प्रतिसाद देतात, तर आंत टोंकाशीं असलेल्या पेशी खर्जाच्या स्वरांस. हा शोध लावणारे बेकेशी हे बुडापेस्ट येथील टेलिफोनच्या प्रयोगशाळेंतील संशोधक. त्यांना त्याबद्दल इ. स. १९६१ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. टेलिफोनचा व कानाचा संबंध त्याहून जुना आहे. ग्रॅहॅम बेल ह्यांची आई व पत्नी दोघीही बहिऱ्या होत्या व ते स्वतः बहिऱ्यांचे शिक्षक होते; आवाज मोजण्याच्या डेसिबेल ह्या मापांत त्यांचेंच नांव आहे.

ह्या केशपेशींविषयीं एक गोष्ट पालकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. मनुष्याच्या शरीरांत त्या एकदां मेल्या म्हणजे पुन्हां उगवत नाहींत. पाऊस लांबला तर आपण कपाशीची दुबार पेरणी करतों. ह्या पिकास दुबार पेरणी नाहीं.

आतां मोजणी कशी करतात तें पाहूं. बंद, निःशब्द खोलींत रुग्णास बसवून कानांवर ध्वनिवाहक लावतात व सांगतात, "कितीही बारीक आवाज आला तरी बोट वर करा." आवाज ऐकूं आला कीं दहा डेसिबेलनें खालीं उतरावयाचें, ऐकूं आला नाहीं कीं पांचानें वर चढावयाचें, आणि असें करीत करीत जो अगदीं क्षीण आवाज पुनःपुन्हां ओळखला जातो त्यापाशीं खूण करावयाची. २५० पासून ८००० पर्यंतच्या कंपनांचे स्वर येणेंप्रमाणें तपासले कीं कागदावर एक आलेख तयार होतो. उजव्या कानासाठीं तांबडें वर्तुळ, डाव्या कानासाठीं निळी फुली. रेषा जितकी खालीं, तितकें ऐकणें कमी. येथें शून्य डेसिबेल म्हणजे आवाजाचा अभाव नव्हे, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावें. निरोगी तरुण मनुष्यास जेमतेम ऐकूं येणारा आवाज तो शून्य. साधें संभाषण सुमारें ६० डेसिबेलच्या घरांत असतें, आणि दर दहा डेसिबेलमागें ध्वनीची शक्ति दहापट होते.

हें वाचतांना पोरखेळासारखें वाटेल. पण आवाज ठराविक ताल धरून दिले तर रुग्ण तालावरच बोट वर करतो. आपला हात त्यास दिसला तर तो हाताकडे पाहतो. म्हातारीं माणसें भिडेखातर "हो, आला" म्हणतात. लहान मूल दोन मिनिटांत कंटाळतें. म्हणून त्याच्या हातीं रिंगा देऊन, आवाज आला कीं एक रिंग खुंटीवर घाल, असा खेळ मांडावा लागतो. तान्ह्या मुलास तर कांहींच विचारतां येत नाहीं. त्याच्यासाठीं डेव्हिड केम्प ह्यांनीं इ. स. १९७८ मध्यें प्रसिद्ध केलेला शोध उपयोगी पडतो, तो असा कीं निरोगी कान केवळ ऐकत नाहीं, तर स्वतः अत्यंत क्षीण आवाज उत्पन्नही करतो. तो आवाज बाळ झोपेंत असतां सूक्ष्म यंत्रानें टिपतां येतो. दुसऱ्या एका तपासणींत डोक्यास तारा लावून, आवाजाची वार्ता मेंदूकडे कोठवर पोंचते तें पाहतात.

आलेखांत मनुष्य कसा दडलेला असतो, ह्याचें एकच उदाहरण देतों. वयोमानानें किंवा गोंगाटानें बहुधा किनरे स्वर आधीं जातात. 'स', 'श', 'फ' हीं व्यंजनें त्याच किनऱ्या प्रदेशांतलीं व मुळांतच दुबळीं. 'आ', 'ओ' हे स्वर खर्जांतले व जोरकस. त्यामुळें अशा मनुष्यास 'साठ' म्हटलेलें 'आठ' ऐकूं येतें. बाजारांत संत्र्यांचा किंवा कपाशीचा भाव बोलला जात असतां ह्या एका 'स' ची किंमत काय होते, तें शेतकऱ्याच्या मुलांस आम्हीं सांगावयास नको. आमच्या विद्यार्थिनीचे आजोबा मोझरीच्या गुरुकुंजांत भजनास नेमानें जाणारे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या त्या स्थानीं बसून ते म्हणत, "खंजिरी आयकू येते, पण शब्द समजत नाई." घरच्यांस वाटे, म्हाताऱ्याचें लक्ष नाहीं. दुसऱ्या वर्षीं आलेख वाचावयास शिकल्यावर आजोबांचें तें वाक्य तिला आठवलें. ते वर्षानुवर्षें आपल्या कानाचें अचूक वर्णन करीत होते, आणि घरांत तें कोणीच ऐकलें नव्हतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. एवढें सर्व आलें म्हणजे विद्यार्थी श्रवणतज्ज्ञ झाला काय?

पहिल्या वर्षीं पांढरा कोट मिळतो. तो घालून आरशांत पाहण्याचा मोह कोणास होत नाहीं? दुसऱ्या वर्षीं यंत्रें हातीं येतात, व यंत्र बिनचूक चालविणें म्हणजेच आपला व्यवसाय असें वाटूं लागतें. आमच्या विद्यार्थिनीसही तसेंच वाटत होतें. तिसऱ्या वर्षीं एके दिवशीं सुमारें अडीच वर्षांच्या एका मुलाची तपासणी झाली. (तें मूल कोणाचें, कोठलें, हें तिनें आम्हांस सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं, रुग्णाचें गुपित राखणें हा ह्या शिक्षणाचा पहिला धडा आहे.) तिच्या शिक्षिकेनें तिला म्हटलें, "निकाल आईला तूं समजावून सांग." हिनें तो पाठ केलेल्या धड्यासारखा सांगितला: दोन्ही कानांत नव्वद डेसिबेलपर्यंत प्रतिसाद नाहीं, दोष आंतल्या कानांतील आहे, इत्यादि. आईनें सर्व शांतपणें ऐकलें व एवढेंच विचारलें, "म्हणजे हा मला आई म्हणेल का?"

हिला उत्तर सुचेना. पुस्तकांत तो प्रश्न नव्हता. तेव्हां शिक्षिकेनें आपलें स्टूल ओढून त्या बाईंच्या शेजारीं घेतलें आणि कांहीं वेळ ती कांहींच बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, बाळ काय पाहून हंसतें, तुम्ही त्यास कशी हांक मारतां, भूक लागली कीं तें कसें सांगतें. बाई बोलूं लागली. श्रवणयंत्र लावून कांहीं महिने पाहावें लागेल. त्यानें भागलें नाहीं तर शस्त्रक्रियेनें आंतल्या कानांत बसविण्याच्या यंत्राचा विचार करतां येईल, व गरिबांस त्यासाठीं सरकारी साहाय्य आहे. त्यानंतरही बोलणें शिकविण्यास दररोजची मेहनत लागेल. आणि तोंवर हातवाऱ्यांनीं, चेहऱ्यानें, खेळानें मुलाशीं बोलणें एक दिवसही थांबवूं नये, हें सर्व तिनें समजावून सांगितलें. "म्हणेल" असें वचन तिनें दिलें नाहीं. "म्हणणार नाहीं" असेंही ती बोलली नाहीं. ह्या गोष्टीस चाळीस मिनिटें लागलीं. बाहेर रांग वाढत होती.

त्या रात्रीं आमच्या विद्यार्थिनीनें आपल्या वहींत निकाल लिहिला नाहीं. स्वतः जे प्रश्न विचारले नव्हते ते लिहून काढले. "सर, त्या आईनें मला मशीनवाली म्हणून विचारलेंच नव्हतें," ती आम्हांस म्हणाली. आमच्या मतें ओळख घडण्याचा आरंभ येथें झाला. अमुक प्रश्नाचें उत्तर देणें हें आपलें काम आहे, दुसऱ्या कोणावर तें ढकलतां येणार नाहीं, असें ज्या दिवशीं विद्यार्थ्यास मनापासून वाटतें, त्या दिवशीं तो त्या व्यवसायाचा होऊं लागतो. पदवीचें पत्र मागाहून येतें.

दुसरी गोष्ट भाषेची. मुंबईस गेल्यावर तिनें आपली वऱ्हाडी बोली जवळजवळ लपवून ठेवली होती. वर्गांत कोणी हंसेल अशी भीति. आणि खरोखर कोणी कोणी हंसलेंही. उमेदवारीच्या वर्षीं एक वृद्ध बाई तपासणीस आली. ती सूचनाच नीट समजेना, बोट वर करी, करीत नसे, मध्येंच "काय मनलं?" विचारी. आलेख वेडावांकडा येऊं लागला, व तिला भारी बहिरेपण आहे असा निष्कर्ष निघण्याच्या बेतांत होता. तिचें बोलणें ऐकून ही उठली, जवळ जाऊन म्हणाली, "आजी, बारीक आवाज आला का बोट वर करजा. लई बारीक आला तरी करजा." बाईंचा चेहरा खुलला. दुसऱ्या वेळचा आलेख पहिल्याहून पुष्कळच बरा आला. शब्द ऐकवून जी तपासणी करतात तिचाही हाच न्याय. शब्द ऐकणाऱ्याच्या ओळखीचे हवेत. अनोळखी शब्द चुकला तर दोष कानाचा कीं शब्दाचा, हें ठरत नाहीं. आपल्या मातृभाषेची लाज बाळगणाऱ्या मुलांस आम्ही हें मुद्दाम सांगत आहों. तिला जी गोष्ट लपवावीशी वाटत होती, तीच त्या खोलींत इतर कोणापाशीं नव्हती.

तिसरी गोष्ट स्वतःच्या मर्यादेची. रुग्ण तिला 'डॉक्टर' म्हणतात तेव्हां ती सांगते, "मी डॉक्टर नाहीं, ऐकणें तपासणारी आहें." प्रथम हें बोलणें जिवावर येई, आतां येत नाहीं. कान वाहत असेल, दुखत असेल, चक्कर येत असेल, तर तो रुग्ण कानाच्या डॉक्टरांकडे गेला पाहिजे. एका रात्रींत एका कानानें ऐकूं येईनासें झालें तर त्याच दिवशीं गेला पाहिजे. कारण तेथें उशिरानें केलेला उपचार बहुधा वायां जातो. दुसऱ्या बाजूस व्यापार आहे. श्रवणयंत्रें विकलीं जातात, व महाग यंत्र विकणारास अधिक लाभ होतो. उमेदवारींत एके ठिकाणीं (नांवाचें प्रयोजन नाहीं) तिला सुचविण्यांत आलें कीं, अमुक किमतीखालचीं यंत्रें रुग्णास दाखवूंच नयेत. तिनें आपल्या शिक्षिकेस विचारलें. शिक्षिका म्हणाली, "अहवालावर सही कोणाची असणार?" उमेदवाराच्या सहीखालीं अध्यापकाची सही लागते हें खरें, पण पहिली सही त्याचीच. ती करतांना आपला हात पहिल्यांदा थरथरला, असें ती प्रांजळपणें सांगते. आम्हांस तें ऐकून बरें वाटलें.

ह्याच मर्यादेंत आणखी एक विचार येतो, आणि तो ह्या शास्त्राचे विद्यार्थीही कधीं कधीं विसरतात. बहिरेपण घालविणें हें आपलें काम असें ठरवून टाकलें, कीं बहिरा मनुष्य हा अर्धा मनुष्य वाटूं लागतो. इ. स. १८८० मध्यें मिलान येथें भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनें बहिऱ्यांच्या शाळांतून हस्तभाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. वर ज्यांचा गौरव केला ते बेलसाहेबही त्याच मताचे होते. त्या मतानें अनेक पिढ्यांच्या मुलांचें नुकसान केलें, असें आज जाणते लोक मानतात. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठीं व शिक्षणासाठीं दिल्लीस इ. स. २०१५ मध्यें केंद्र निघालें आहे. चांगला श्रवणतज्ज्ञ मुलास आवाज मिळवून देण्यासाठीं झटतो, आणि हातांनीं बोलणाऱ्या मुलाची कींवही करीत नाहीं. हें दोन्ही एकाच मनांत सांभाळणें सोपें नसावें.

आतां आमच्या स्वतःच्या चुकीविषयीं. वरील सर्व संभाषण झाल्यावर तिनें सहज विचारलें, "सर, वर्गांत कोणी सारखें 'काय, काय' विचारणारें मूल आहे का?" आम्हांस एक मुलगा आठवला. शेवटच्या बाकावर बसे. हांक मारली तर पाहत नसे. श्रुतलेखनांत शब्द भलतेच लिही. त्याच्या कानांतून पावसाळ्यांत पू येई, आणि घरीं त्यांत कोमट तेल घालीत. आम्हीं त्यास दोन वर्षें मंदबुद्धि समजून चालविलें होतें. एकदोन वेळां तर इतरांसमक्ष बोललोंही. शिक्षकी पेशांत आमचे केस पिकले, परंतु त्या मुलाचें ऐकणें तपासावें, असें आमच्या मनांतही आलें नव्हतें. तिनें त्यास त्याच दिवशीं पाठीमागें उभें राहून हळू आवाजांत दोनचार शब्द म्हणावयास लावले. त्यानें त्यांतला एकच बरोबर म्हटला. "ही तपासणी नव्हे, नुसता अंदाज," असें तिनें लगेच बजावलें, व त्यास जिल्ह्याच्या रुग्णालयांत पाठवावें असें सुचविलें.

पालकांनीं ह्यावरून कांहीं गोष्टी जाणून घ्याव्या. कानांत तेल, लसणाची फोडणी, काडी, पिन, कांहींही घालूं नये. वाहणारा कान ही 'वयाबरोबर जाणारी' गोष्ट नव्हे. पडद्यास छिद्र असल्याचें तें लक्षण असूं शकतें. नवजात बालकाविषयीं जगभर असा संकेत आहे कीं, पहिल्या महिन्याच्या आंत चाळणी तपासणी, तिसऱ्याच्या आंत निदान, सहाव्याच्या आंत उपाययोजना सुरू; कारण बोलणें शिकण्याचा काळ थांबून राहत नाहीं. "पोरगं उशिरानं बोलन, त्याचा बापही असाच व्हता," असें म्हणणाऱ्या आजीबाईंचें प्रेम खरें असतें, पण त्यांत दोन वर्षें निघून जातात. हांकेस, टाळीस, भांड्याच्या आवाजास मूल वळत नसेल, तर तें बोलेल म्हणून वाट न पाहतां तपासून घ्यावें. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ इ. स. २०१३ मध्यें आपल्या महाराष्ट्रांतूनच झाला. त्याच्या पथकांनीं अंगणवाड्यांत वर्षांतून दोनदां व सरकारी शाळांत एकदां मुलें तपासावीं अशी योजना आहे. बहिरेपणाही त्यांच्या यादींत आहे. पथक येईल त्या दिवशीं मुलास कापूस वेंचावयास नेऊं नये, एवढी आमची विनंति. जागतिक आरोग्य संघटनेच्या इ. स. २०२१ च्या अहवालाप्रमाणें मुलांतील बहिरेपणापैकीं जवळजवळ ६० टक्के टाळतां येण्याजोगें असतें. मळणीयंत्राच्या तोंडाशीं तासन्‌तास काम करणाऱ्या बापानें, आणि मिरवणुकींत डीजेच्या भिंतीपुढें नाचणाऱ्या त्याच्या चिरंजीवानें, केशपेशींची दुबार पेरणी नाहीं हें वरचें वाक्य पुन्हां वाचावें.

ज्यांस हा अभ्यास करावासा वाटेल त्यांनीं बारावीस विज्ञानशाखा घ्यावी. प्रवेशपरीक्षेचे व पात्रतेचे नियम बदलत असतात. त्या त्या वर्षींचें सरकारी पत्रक पाहूनच अर्ज करावा, व संस्थेस पुनर्वास परिषदेची मान्यता आहे कीं नाहीं ह्याची खात्री आधीं करून घ्यावी. गणिताची भीति बाळगूं नये, पण ध्वनीचा पाठ केवळ मार्कांपुरता वाचणाऱ्यास पुढें कष्ट पडतील. त्याहून अधिक कष्ट, आमच्या विद्यार्थिनीच्या मतें, दुसऱ्याचें बोलणें मध्येंच तोडणाऱ्या स्वभावाच्या मुलांस पडतात.

तो मुलगा अमरावतीस जाऊन आला. दोन्ही कानांच्या पडद्यांस छिद्रें आहेत. उजव्या कानाचें ऐकणें त्यांतल्या त्यांत बरें आहे. औषध चालू आहे, पुढें शस्त्रक्रियेचा विचार होईल. त्याचा आलेख त्यानें स्वतः आम्हांस आणून दाखविला, व कोणता कान तांबडा आणि कोणता निळा तें समजावून सांगितलें. सध्यां तो पहिल्या बाकावर, आमच्या उजव्या हातास बसतो, म्हणजे त्याचा उजवा कान आमच्याकडे राहतो. श्रुतलेखन घालतांना आम्ही आतां फळ्याकडे तोंड करून बोलत नाहीं.